'चिंटू'चे जुने संग्रह : दिवसाला एकच

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात 'चिंटू' या हास्यचित्रमालिकेचे तीन संग्रह दिसले आणि घासाघीस न करता घेऊन टाकले. एकाची शिवण सुटलीय, दुसऱ्याचं मागचं कव्हर गेलंय. घेणार असाल तर पानं मोजून घ्या.

21 नोव्हेंबर 1991 रोजी 'सकाळ'मध्ये चिंटू सुरू झाला, तेव्हा मी चौथीत होते. पेपर बाबांच्या हातात पडायच्या आत मी तेवढा वाचून घ्यायचे. कात्रणं खळीनं वहीत चिकटवली होती. ती वही घर बदलताना गेली.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांच्या या दोन-चार चौकटींमध्ये आमचं नव्वदीतलं पुणं आहे. पंडितांची रेष मोजकी, मागे फार तर एखादं दार नाहीतर खुर्ची. तरीही ते घर ओळखीचं वाटतं, कारण माणसं घरात बोलतात तसंच बोलतात. आमच्या अल्बममध्ये मुंजी आहेत, लग्नं आहेत. पण साध्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही काय करायचो, याचा एकही फोटो नाही. 36 फोटोंचा रोल त्यावर कोण घालवणार? शाळेतून आल्या आल्या लागलेली भूक, पप्पू-मिनीबरोबरचा खेळ, राजूशी भांडण, आईशी चाललेली हुज्जत हे सगळं इथे जपलं गेलंय. आणि जोशीकाकू! शेजारणीनं दुसऱ्याच्या मुलाला हक्कानं रागवावं आणि आईनं त्यात काही वावगं मानू नये, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या आताच्या सोसायटीत असं कुणी रागावत नाही.

संग्रह सलग मात्र वाचू नका. माझ्या आठ वर्षांच्या मुलानं एका बैठकीत निम्मं पुस्तक संपवलं आणि 'तेच तेच आहे' म्हणून ठेवून दिलं. चूक माझीच, मी पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि स्वयंपाकाला लागले. रोज सकाळी एक, एवढ्याच मापानं लिहिलेली गोष्ट आहे ही. आता दुधाच्या पेल्याबरोबर एकच वाचतो.

परवा त्यानं विचारलं, "जोशीकाकू चिंटूच्या सख्ख्या काकू आहेत का?" मग त्याला आमच्या वाड्यातल्या, खालच्या खोलीतल्या काकूंबद्दल सांगत बसले. शाळेची रिक्षा खाली येऊन थांबली, तरी त्याचं दूध तसंच होतं.