ट्रान्सपरन्सी चिकटवायची की अडकवायची? जळगाव-धुळ्याच्या बाजारातल्या साधनांचं परीक्षण

छापलेली ट्रान्सपरन्सी, म्हणजे चित्र छापलेली पारदर्शक प्लास्टिकची शीट, कोलाजवर नुसती ठेवली तर देखणी दिसते आणि चिकटवली की तिची रया जाते. डिंकाचे ढग, हवेचे फुगे, टेपेच्या कडा, सगळं वरून स्वच्छ दिसतं. जळगावच्या गोलाणी मार्केट आणि फुले मार्केटच्या परिसरात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर या कामाची बरीच साधनं मिळतात, पण हात आधी डिंकाच्या बाटलीकडेच जातो. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: दहा नंबरचा स्टेपलर, शिलाई मशीन आणि आयलेट (छिद्रात दाबून बसवायची धातूची रिंग) हे तिन्ही डिंकापेक्षा सरस. पारदर्शक टेप त्याखालोखाल. डिंक अगदी शेवटी, आणि तोही लपवता आला तरच.

आधी शीटबद्दल, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. 'ओएचपी शीट' (ओव्हरहेड प्रोजेक्टरची शीट, ट्रान्सपरन्सीचंच दुकानातलं नाव) मागितली की तीन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. लेसरची शीट पॉलिस्टरची, साधारण १०० मायक्रॉन जाडीची, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. इंकजेटचीही पॉलिस्टरचीच, पण एका बाजूला शाई धरणारा लेप असतो. ती बाजू किंचित खरखरीत लागते आणि ओलसर बोट टेकवलं की बोटाला चिकटते. तिसरी वस्तू म्हणजे स्पायरल बाइंडिंगचं पीव्हीसी कव्हर. ते लेसर प्रिंटरमध्ये मुळीच घालायचं नाही. टोनर (लेसर प्रिंटरची कोरडी शाई) पक्का करणारा रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि पीव्हीसी वितळून त्यालाच गुंडाळलं जातं. इंकजेटची शीटही लेसरमध्ये असाच घोळ करते. म्हणून झेरॉक्सवाला 'नाही चालणार भाऊ' म्हणाला तर वाद घालू नका, पाकिटावर लेसर किंवा कॉपियर छापलंय का ते त्याला दाखवा. शाळा-कॉलेजांत एलसीडी प्रोजेक्टर आल्यापासून या शीटचा खप घटलाय, त्यामुळे दुकानातला माल जुना असू शकतो. इंकजेटच्या शीट एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर समजा, लेपाने ओल धरलीय. ते पाकीट परत ठेवा.

कोलाजसाठी लेसरच घ्या. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, पाण्याने विरघळत नाही. इंकजेटचे रंग जास्त भरदार येतात हे खरं, पण लेपाच्या बाजूला पाण्याचा डिंक लागला की शाई पसरते आणि उन्हात रंग उडतोही लवकर. लेसरची खोड वेगळी. टोनर शीटच्या पृष्ठभागावर बसलेला असतो, आत मुरलेला नसतो. घडी पडली की तडकतो, नखाने खरवडतो. त्यावर उपाय सोपा आहे: चित्र आरशासारखं उलटं छापा आणि छापील बाजू खाली, कागदाकडे ठेवा. अक्षरं सरळ दिसतात, वर चकचकीत फिल्म येते आणि टोनर आतल्या बाजूला सुरक्षित राहतो.

एक गोष्ट प्रिंट काढण्याआधीच ठरवावी लागते. नेहमीचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. फोटोतलं आकाश, पांढरं धोतर, चेहऱ्यावरचा उजेड हे सगळं शीटवर कोरं राहतं आणि तिथून खालचा कागद दिसतो. खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा फोटो गर्द लाल हस्तकागदावर ठेवला तर देवीचा मुखवटा त्यात बुडून जातो. मुखवट्याच्या आकाराचा पांढरा कागद कापून खाली घाला. बाकीचा लाल तसाच दिसू द्या, तो शोभतो. प्रिंटआधी काँट्रास्ट बराच वाढवा, कागदावर ठीक दिसणारा फोटो फिल्मवर फिका पडतो.

आता डिंक. पांढरा फेव्हिकॉल लाकूड आणि कागदासाठी उत्तम, कारण तिथे पाणी शोषलं जातं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही आणि जाऊही देत नाही. मग पाण्याला वाट उरते ती फक्त खालच्या कागदातून. कडा सुकतात, मध्यभागी डिंक दिवसेंदिवस दुधाळ राहतो, कागद फुगून लाटा येतात आणि शेवटी सगळं वाळलं की शीट एका झटक्यात सुटून येते. ग्लू स्टिकचे ओरखडे तसेच वरून दिसतात. फेव्हिक्विकच्या जातीचे झटपट गोंद धरतात घट्ट, पण त्यांची वाफ आजूबाजूला पांढरं धुकं बसवते आणि ते फिल्मवर ठळक दिसतं. रबरी सोल्यूशनमधलं द्रावक टोनर मऊ करतं. ग्लू गनची गरम काडी फिल्म वाकवते. स्प्रेचे ठिपके उरतात. यातलं काहीही फुकट दिलं तरी या कामाला नको.

डिंकच हवा असेल तर ॲक्रिलिक ग्लॉस जेल मिडियम, म्हणजे सुकल्यावर पारदर्शक होणारा घट्ट लेप. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं, नसेल तर मागवावं लागतं. कार्डावर सपाट ब्रशने पातळ थर द्या, शीट एका कडेने टेकवत आणा, जुन्या एटीएम कार्डाने मधून बाहेर ओढा आणि वर बटर पेपर ठेवून वजन द्या. किमान एक दिवस हलवू नका. तळहाताएवढ्या तुकड्यापर्यंत हे जमतं. पूर्ण ए४ शीटला मात्र मध्यभागी दुधाळ डाग जवळपास ठरलेला, कारण तेच, पाण्याला वाट नाही.

टेपेत तीन प्रकार येतात आणि दुकानदार तिन्हींना 'डबल टेप' म्हणतात. टिश्यू टेप पांढुरकी, तिचे तंतू फिल्मखाली दिसतात, म्हणून ती फक्त गडद छपाईखाली. फोम टेपने शीट एक ते तीन मिलिमीटर उचलली जाते आणि खाली छान सावली पडते, पण टेप झाकायला वरून कागदाची चौकट हवीच. तिसरी पूर्ण पारदर्शक, प्लास्टिकच्या पट्टीवर ॲक्रिलिक गोंद असलेली. पैसे जास्त जातात, पण घ्यायची तर हीच. रबरी गोंदाच्या स्वस्त टेपा आपल्याकडच्या उन्हाळ्यात ढिल्या पडतात, शीट सरकते आणि कडेने चिकट पाझर येतो. त्यावर धूळ बसली की काळी रेघ कायमची. सहा मिलिमीटरची पट्टी वरच्या एका कडेला पुरते. चारी बाजूंनी लावायचा मोह टाळा. का ते पुढे येतं.

स्टेपलर हे या यादीतल्या स्वस्त साधनांपैकी एक, आणि अर्ध्या कामांना तेवढं पुरतं. दहा नंबरची पिन एक शीट, ३०० जीएसएमचं जाड कार्ड आणि मधले एक-दोन कागद सहज धरते. पिन लपवायची नाही, दिसू द्यायची. वरच्या कडेला तीन पिना एका ओळीत, कडेपासून पाच मिलिमीटर आत. मागच्या बाजूला वळलेले पाय खालच्या पानाला ओरखडे पाडतात, म्हणून त्यावर कागदाची पट्टी चिकटवा. इथे कागदाला कागद असल्यामुळे फेव्हिकॉल खुशाल वापरा. एकच गोष्ट सांभाळा: स्टेपलर बोथट असेल तर पिन फिल्मवर घसरून दुमडते आणि जागेवर चरा उरतो. रद्दी तुकड्यावर आधी मारून बघा.

शिलाई मशीन बऱ्याच घरांत असतं, आणि निकाल सगळ्यात देखणा याचाच. सुई ११ किंवा १४ नंबर, टाका ४ मिलिमीटर, ताण थोडा ढिला, धागा पॉलिस्टरचा. बारीक टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची रांग पडते आणि शीट तिथेच फाटते. फिल्मवर पडलेलं छिद्र बुजत नाही, त्यामुळे टाचण्या लावू नका. शीट जागेवर धरायला कडेला कागदी टेपेचे छोटे तुकडे लावा आणि नंतर काढा. मशीनचा कापड दाबणारा पाय फिल्मवर अडखळतो, तेव्हा वर बटर पेपर ठेवून शिवा आणि शिवल्यावर तो फाडून काढा. सुरुवातीला आणि शेवटी उलटी शिवण मारायची नाही. धागे लांब सोडून मागे ओढा आणि गाठ मारा. कोपऱ्यात वळताना सुई खाली ठेवून कार्ड फिरवा. जळगाव जिल्ह्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यासारखं उंच, अरुंद चित्र असेल तर फक्त दोन्ही उभ्या कडा शिवा. वरून खिसा तयार होतो, त्यात वाळलेलं केळीचं पान किंवा जुन्या पत्राचा कपटा सरकवता येतो. खाली एक आडवी शिवण मारा, नाहीतर कपटा निसटेल.

ही सुई मात्र नंतर कपड्याला वापरू नका, बोथट होते.

आयलेटसाठी फ्लेक्स बॅनरवाल्याकडे जाऊन उपयोग नाही, त्यांच्याकडची रिंग फार मोठी. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात चार-पाच मिलिमीटरची मिळते, सोबत दाबायची पक्कड. फिल्मला छिद्र पंचानेच पाडा. टोच्याने पाडलेल्या छिद्राची कड फाटकी असते आणि दाब पडला की तिथून चीर धावते. छिद्र कडेपासून आठ मिलिमीटर आत. आयलेट आणि फिल्म यांच्यामध्ये कार्डाची छोटी चकती घातली तर जास्त दाबूनही तडा जात नाही. पक्कड एकदम करकचून न दाबता थोडी दाबून, कार्ड अर्धं फिरवून पुन्हा दाबा. दोन पायांच्या ब्रॅड पिनेलाही हेच नियम लागू, फक्त ती नंतर उघडता येते, म्हणून वरची शीट बदलायची असेल तिथे ती बरी.

यातलं काहीच हाताशी नसेल तर कार्डावर चार तिरप्या चिरा पाडून शीटचे कोपरे त्यात खोचा, अल्बममध्ये फोटो बसवतात तसे. खर्च शून्य.

आता चारी बाजू का जखडायच्या नाहीत ते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी, कागद सुकून आक्रसतो. श्रावणात तोच कागद ओल धरून पसरतो. पॉलिस्टर ओल जवळजवळ धरतच नाही, ते आहे तेवढंच राहतं. दोघांना सगळीकडून बांधलं की कार्ड धनुष्यासारखं वाकतं किंवा फिल्मवर फुगवटे येतात. उन्हाळ्यात केलेलं काम पावसाळ्यात बिघडतं ते यामुळेच, आणि शिव्या बिचाऱ्या टेपेला बसतात. एक बाजू पक्की, बाकीच्या मोकळ्या, हे सगळ्यात सुरक्षित. चारी कोपऱ्यांत आयलेट हवेतच असतील तर एक छिद्र घट्ट ठेवा आणि बाकीची तीन फिल्ममध्ये थोडी मोठी, लांबट पाडा.

कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते आणि ती धूळ ओढते. जिनिंगच्या मोसमात कापसाचे तंतूही येऊन बसतात. एकदा शीट आणि कार्ड यांच्यामध्ये तंतू अडकला की काढता येत नाही. बसवण्याआधी कोरी बाजू किंचित ओलसर मलमलीने पुसा, छापील बाजूवर फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवा. पुसायला कोरडा कपडा घासलात तर वीज आणखी वाढते.

फ्रेम करायची असेल तर काच थेट ट्रान्सपरन्सीला टेकू देऊ नका. उष्णतेत फिल्म काचेला ठिकठिकाणी चिकटते आणि तेलकट दिसणारे डाग पडतात. फ्रेमवाल्याला आधीच सांगून मध्ये किमान दोन-तीन मिलिमीटरचं माउंट घालून घ्या. स्टेपलर किंवा आयलेट वापरले असतील तर त्यांच्या उंचीएवढं आणखी जाड.