ताऱ्यांचे वय पाहण्यासाठी १० बाय ५० ची द्विनेत्री

दहा पट वर्धन आणि ५० मिलिमीटर व्यासाची भिंगे असलेली ही साधी द्विनेत्री दुर्बीण हिवाळाभर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ताऱ्यांचे आयुष्य समजून घ्यायचे असेल, तर याच किमतीत मिळणाऱ्या आणि लटपटत्या स्टँडवर उभ्या राहणाऱ्या लहान दुर्बिणीपेक्षा हीच घ्यावी. हिचे दृष्टिक्षेत्र सुमारे साडेसहा अंशांचे असल्याने अख्खा तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह, एका नजरेत मावतो, आणि वयाची तुलना खरी गुच्छांमध्येच करता येते.

कृत्तिका आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत. हा गुच्छ जेमतेम १० कोटी वर्षांचा असून त्यातील ठळक तारे निळसर-पांढरे आहेत. नंतर पुष्यातला गुच्छ पाहावा. तो साधारण ६० कोटी वर्षांचा. तिथल्या जड ताऱ्यांच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला आहे, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांत काही नारिंगी राक्षसी तारे, म्हणजे म्हातारपणी फुगलेले तारे, उठून दिसतात. एकाच मेघातून एकाच सुमारास जन्मलेल्या ताऱ्यांत जो जड, तो आधी म्हातारा होतो. फोकस किंचित बिघडवला, की तारा पसरतो आणि त्याचा रंग स्पष्ट कळतो. मृगातील काक्षीचा तांबूस आणि राजन्याचा निळसर रंग या युक्तीने चटकन वेगळा ओळखता येतो. मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, जिथे आजही तारे घडत आहेत, तो मात्र राखाडी धुरासारखाच दिसतो. छायाचित्रांतला गुलाबी रंग तिथे शोधू नये.

ताऱ्यांची अखेर हिच्या फारशी आवाक्यात नाही. व्याधाचा श्वेतबटू सोबती, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा, दिसतच नाही, आणि १०५४ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा) अवशेष, म्हणजे वृषभेतला क्रॅब तेजोमेघ, अगदी काळोख्या जागेवरूनही अस्पष्ट डाग वाटतो. त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिदाट गाभा, आहे, ही माहिती आपली आपणच मनात धरायची.

दृष्टिक्षेत्राच्या कडेला तारे ओढल्यासारखे लांबट होतात आणि फोकसचे चाक थंडीत घट्ट होते. पुष्यातले नारिंगी तारे हात स्थिर असल्याशिवाय सुटे दिसत नाहीत, म्हणून ट्रायपॉडला जोडणारा अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागला, तरी तो दुर्बिणीसोबतच घ्यावा.