फास्टलेन: आयफोन ॲप असेल तर डोळे झाकून, फक्त अँड्रॉइड असेल तर जरा थांबा

कुणालाही विचारा, ॲप रिलीज ऑटोमेट करायचंय तर "फास्टलेन लाव ना" एवढंच उत्तर येतं, पण कुणी लावायचं आणि कशासाठी हे कोणी सांगत नाही. आमची टीम छोटी, ॲप फ्लटरचं (एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीसाठी ॲप बनवायचं टूल), दोन्ही स्टोअरवर जातं, आणि बरेच दिवस हेच वापरतोय म्हणून लिहितो.

टूल ओपन सोर्स आहे, फुकट. फेलिक्स क्राउझने २०१४ मध्ये सुरू केलं, मग ट्विटरकडे, तिथून गूगलकडे, आणि २०२३ पासून मोबाइल नेटिव्ह फाउंडेशनकडे. फास्टफाइल नावाच्या फाइलमध्ये लेन, म्हणजे कामांची क्रमवार यादी, लिहायच्या. उदाहरणार्थ बीटा लेनमध्ये टेस्ट चालव, बिल्ड कर, टेस्टफ्लाइटला (ॲपलची बीटा टेस्टिंगची सोय) टाक, मग टर्मिनलवर एक कमांड मारली की झालं, चहा प्यायला जा.

पण खरं सांगू का, बिल्ड आणि अपलोड ही कामं स्क्रिप्ट लिहूनही होतात. पैसे वसूल होतात (फुकट असलं तरी!) ते फास्टलेनमधल्या 'मॅच' या कमांडमुळे. ज्याने आयओएसचं कोड साइनिंग (ॲप आपलंच आहे याची डिजिटल सही) केलंय त्याला कळेल मी काय म्हणतोय. ॲपल डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट मोजकीच काढू देतं, त्याची प्रायव्हेट की (सहीची गुप्त किल्ली) असते ज्याने काढलं त्याच्या मॅकच्या कीचेनमध्ये, आणि तो गडी नोकरी सोडून गेला की बसा बोंबलत. मॅच काय करतं, अख्ख्या टीमसाठी एकच सर्टिफिकेट काढतं, ते आणि प्रोफाइल (ॲप आणि सर्टिफिकेट जोडणारी ॲपलची फाइल) एन्क्रिप्ट करून प्रायव्हेट गिट रेपोमध्ये, म्हणजे कोड ठेवायच्या खासगी भांडारात, ठेवतं. नवीन मॅक आला की रेपोचा ॲक्सेस द्या, पासफ्रेज द्या, कमांड चालवा, विषय संपला. सीआयवर (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) मात्र मॅचचा रीडओन्ली ऑप्शन चालू ठेवाच, नाहीतर ते स्वतःच नवीन सर्टिफिकेट काढायला जाऊ शकतं. आणि 'मॅच न्यूक' ही कमांड गंमत म्हणून चालवू नका राव, सगळी सर्टिफिकेट रिव्होक, म्हणजे रद्द, होतात.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे स्टोअरचा मजकूर पण गिटमध्ये राहतो. गूगल प्लेसाठी मेटाडेटा फोल्डरमध्ये प्रत्येक भाषेचं वेगळं फोल्डर, मराठीचं पण, त्यात टायटल, वर्णन, आणि चेंजलॉगमध्ये व्हर्जन कोडच्या (बिल्डच्या क्रमांकाच्या) नावाची रिलीज नोटची टेक्स्ट फाइल. आमच्याकडे मराठी मजकूर बघणाऱ्या ताई कोड लिहीत नाहीत, त्या सरळ फाइल एडिट करतात आणि पुढच्या रिलीजला ते आपोआप चढतं. फक्त प्लेवर रिलीज नोट ५०० अक्षरांत बसवावी लागते, ते त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता डोकेदुखी. हे सगळं रुबी या प्रोग्रामिंग भाषेत आहे. मॅकच्या सिस्टिम रुबीवर इन्स्टॉल करायला गेलात तर परमिशनच्या भानगडीत अडकाल, त्यामुळे आरबीएनव्हीसारखं (रुबीची वेगळी आवृत्ती ठेवणारं टूल) काहीतरी आणि जेमफाइल (लागणाऱ्या रुबी पॅकेजची यादी) पहिल्या दिवसापासून, आणि कमांड कायम बंडल एक्झेक लावूनच, म्हणजे त्या यादीतलीच पॅकेज वापरली जातात. एरर आली की रुबीचा लांबलचक स्टॅकट्रेस येतो आणि खरं कारण बहुतेक वेळा एक्सकोडच्या (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लॉगमध्ये कुठेतरी दडलेलं असतं. डॉक्युमेंटेशन तसं चांगलंय, पण नेटवरचे जुने ब्लॉग ॲपल आयडी आणि पासवर्डने लॉगिन करायला सांगतात, ते सीआयवर टू फॅक्टरमध्ये (पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड) लटकतं. त्यापेक्षा ॲप स्टोअर कनेक्टची (ॲपलचं डेव्हलपर पोर्टल) एपीआय की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, काढा. तिची पी८ फाइल एकदाच डाउनलोड करता येते हां, लगेच नीट जपून ठेवा.

अजून एक, टेस्टफ्लाइटला टाकल्यावर ॲपलचं प्रोसेसिंग संपेपर्यंत फास्टलेन वाट बघत बसतं आणि सीआयचा मॅक मिनिटांवर भाड्याने असेल तर मीटर पळत राहतो. थांबू नको सांगणारा ऑप्शन आहे, पण मग बाहेरच्या टेस्टरना बिल्ड आपोआप जात नाही.

फक्त अँड्रॉइड असेल तर मी तरी रुबी गळ्यात बांधून घेणार नाही, ग्रेडलचं (अँड्रॉइडचं बिल्ड टूल) प्ले पब्लिशर प्लगइन बघा, काम होतं. नवीन ॲपचं पहिलं बिल्ड तसंही प्ले कन्सोलवरून हातानेच चढवावं लागतं, मग फास्टलेन असो नाहीतर दुसरं काही.

माझ्याकडून पाचपैकी चार, कापलेला एक रुबीचा.