पाठीतल्या मशीनचा चार्जर, दीड वर्ष वापरून

कंबरदुखीसाठी पाठीत स्टिम्युलेटर बसवून दीड वर्ष झालं, म्हणजे मणक्याजवळच्या नसांना बारीक करंट देणारं मशीन, आणि त्याची बॅटरी बाहेरून पट्टा बांधून चार्ज करायची. मशीनबद्दल काही तक्रार नाही, दुखणं खरंच कमी झालंय. पण रिव्ह्यू चार्जरचा लिहितोय, कारण दर आठवड्याला गाठ त्याच्याशी पडते.

पहिले दोन महिने नुसता वैताग. पट्ट्यातली कॉइल आणि कातडीखालची कॉइल समोरासमोर आली तरच चार्जिंग, आणि स्वतःच्या पाठीमागचं दिसणार काय, कप्पाळ! आरशात बघून लावायचं, खुर्चीत जरा टेकलं की पट्टा सरकणार आणि बीप बीप सुरू. शेवटी वाचत बसलो. एका कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत किती शिरतं ते म्हणजे कपलिंग, आणि ते मुळातच कमी असेल तर एफिशियन्सी, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी आत किती पोचते ते, त्याच्या वर्गावर चालते, म्हणजे कपलिंग निम्मं झालं की एफिशियन्सी पाव. एवढंसं सरकलं तरी चार्जिंग का बोंबलतं ते तेव्हा कळलं. मधे माझं वजन वाढलं आणि चार्जिंगचा वेळही वाढला, तोही ह्याच हिशोबात, मशीन आणखी खोल गेलं ना.

मग पॉवर वाढवा की? तर नाही जमत. आतलं मशीन टायटॅनियमच्या डबीत असतं, चार्जरच्या चुंबकीय क्षेत्राने त्या धातूतच करंट गोल गोल फिरतात (एडी करंट) आणि डबी तापते, आणि इम्प्लांटचा पृष्ठभाग ३७ अंशांच्या वर २ अंशांपेक्षा जास्त तापू नये असा आयएसओचा नियम आहे. माझा चार्जर मधेच थांबायचा ते तापल्यामुळे, मी आपला बिघाड समजून शिव्या घालत होतो.

कॉक्लियर इम्प्लांटवाल्यांचं, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात मशीन बसवलेल्यांचं, बघून जळायला होतं राव, त्यांच्यात कातडीच्या आत-बाहेर लोहचुंबक, कॉइल कानामागे नेली की टचकन जागेवर. आणि गंमत म्हणजे १९५८ साली स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकरसुद्धा बाहेरून इंडक्शननेच, म्हणजे असाच कॉइलमधून वायरीशिवाय, चार्ज व्हायचा! आयडिया एवढी जुनी, आणि आमच्या पट्ट्याचं वेल्क्रो अजून एका जागी बसेना.

पाचापैकी तीन स्टार. कंपनीने एफिशियन्सीचा आकडा छापलाय तो कॉइल बरोब्बर समोर असतानाचा, सेंटीमीटरभर सरकल्यावर किती उरते ते छापा ना. बसवून घेणार असाल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा डबी किती खोल बसणार, आणि डेमोचा पट्टा स्वतःच्या हाताने पाठीला बांधून बघा, सेल्समनला बांधू देऊ नका.