जुनी द्राक्षबाग घ्यायची तर काळ्या रानातली की मुरमातली?

निफाडकडची गोदाकाठची काळी जमीन आणि दिंडोरीकडचं चढाचं मुरमाड रान, दोन्हीकडे मी डॉगरिज खुंटावर कलम केलेली, थॉमसन जातीच्या द्राक्षाची जुनी बाग केली. आज एकच माझ्याकडे आहे. तुम्ही विकत किंवा खंडाने घेणार असाल, तर खोडं आणि ओलांडे, म्हणजे खोडावरून तारेवर नेलेल्या आडव्या फांद्या, नंतर बघा. आधी वेलीच्या बुडाशी दोन फूट खड्डा घ्या.

काळ्या रानाचं देणं मोठं आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्या हुकल्या तरी वेल तग धरते, मण्याला फुगवण येते, वजन भरतं. मुरमात उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर ठिबक रोज लागतं, खतही थोडं थोडं सारखं द्यावं लागतं. शेततळं नसेल तर मुरमाच्या वाटेला जाऊ नये.

तरी मी काळं रान सोडलं, ते वापशापायी, म्हणजे पावसानंतर माती कामाजोगी व्हायला लागणाऱ्या वेळेपायी. ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी होते, पोंगे म्हणजे कोवळे कोंब फुटून घड दिसू लागतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. पानं रात्रभर ओली राहिली की डाऊनी या बुरशीच्या रोगाला तेवढं पुरतं. फवारणी उघडीप मिळताच पडायला हवी. मुरमात सकाळी उघडलं तर दुपारी ट्रॅक्टर आत जातो. काळ्यात चार-चार दिवस चाक घालता येत नाही. एका वर्षी ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर तिसऱ्या ओळीत असा रुतला, की दुसरा ट्रॅक्टर आणून ओढावा लागला. मग पाठीवरचे पंप घेऊन माणसं घातली, पण तोवर घडांवर पांढरी बुरशी चढली होती. औषध घरात होतं आणि बाग डोळ्यांदेखत गेली. ते अजून विसरता येत नाही.

ओल अशी धरून राहिली की मुळांना हवा मिळत नाही, पांढरी मुळी काळी पडते. त्यात चुनखडी असेल तर शेंडे पिवळे पडतात. जानेवारीची थंडीही सखल भागात साचते. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे शेकोट्या पेटवायच्या. चढावर गार हवा खाली ओघळून जाते.

मुरमातला मणी जरा लहान राहतो, हे खरं. पण काढणीआधी पाणी आखडलं की लगेच लागू पडतं, आणि माझ्याकडे तरी गोडी आठवडाभर आधी उतरते. तुमच्याकडे वेगळं असू शकेल.

काळ्यातलीच बाग हाती येत असेल, तर बोध, म्हणजे वेलींच्या ओळीचे मातीचे वरंबे, उंच आणि पाणी काढायचे चर मोकळे आहेत का ते बघा. चांगला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी जा, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, आणि मगच भाव बोला.