हॅना एचआय-७०२ कॉपर चेकर: क्वारंटाइन टँकसाठी कितपत कामाचा?

आजारी सागरी माशांसाठी तांब्याचं औषध आणून क्वारंटाइन टँकमध्ये, म्हणजे त्यांना वेगळं ठेवायच्या टँकमध्ये, ओतायला कुणालाही जमतं. इलाज फसतो तो पुढच्या तीस दिवसांत, पाण्यात तांबं किती उरलंय याचा पत्ता नसतो तेव्हा. हॅनाचा एचआय-७०२ हा तळहातावर मावणारा मापक एवढं एकच काम करतो. दहा मिलि पाण्यातलं तांबं मोजून तो ०.०० ते ५.०० पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) आकडा दाखवतो. घ्यावा का? कॉपर पॉवरसारखं किलेटेड (दुसऱ्या रेणूने बांधून ठेवलेलं) तांबं वापरत असाल तर डोळे मिटून घ्या. क्युप्रामिनसारखं आयनिक (किलेट न केलेलं) तांबं वापरत असाल तरी घ्या, पण डोळे उघडे ठेवून. असं का, ते पुढे येईलच.

आधी आकड्याचं एवढं स्तोम कशासाठी, ते. सागरी इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, हा परजीवी माशाच्या कातडीखाली साधारण तीन ते सात दिवस खातपीत राहतो. तेव्हा आपल्याला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. मग तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्लं तयार होतात. ही पिल्लं पाण्यात सुटली की दिवस-दोन दिवसांत त्यांना मासा गाठावाच लागतो. तांबं मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही, कवचातल्यालाही नाही. त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके गेले की इलाज लागू पडला असं वाटतं, पण ते ठिपके औषध नसतं तरी गेलेच असते. काही कवचं आठवड्यांनी फुटतात. मधल्या एका रात्री पातळी खाली गेली आणि नेमकी तेव्हाच पिल्लं सुटली, तर केलेलं सगळं पाण्यात. म्हणून उपचाराच्या पातळीवर पोहोचल्या दिवसापासून सलग ३० दिवस धरायचे, आणि मध्ये पातळी घसरलेली सापडली तर मोजणी पुन्हा एकपासून. क्युप्रामिनच्या लेबलवर १४ दिवस लिहिले आहेत. ते तेव्हाच पुरतात जेव्हा चौदाव्या दिवसानंतर मासा पूर्णपणे वेगळ्या, कोरड्या करून ठेवलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवता येतो आणि कवचं जुन्या टँकमध्येच मागे राहतात.

आता यंत्र. कुपीत दहा मिलि टँकचं पाणी भरायचं, झाकण लावायचं, कुपी पुसायची, आत ठेवून बटण दाबायचं. हा शून्याचा टप्पा, पडद्यावर ‘सी-१’. मग कुपी काढून पाकिटातली भुकटी टाकायची, हळूहळू फिरवत विरघळवायची. तांबं असेल तर पाणी जांभळट होतं. कुपी परत आत, आणि या वेळी बटण दाबून धरायचं, म्हणजे ४५ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि ती संपली की आकडा येतो. इथेच पहिली गोची आहे. बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर यंत्र ताबडतोब वाचून मोकळं होतं, रंग पुरता चढलेला नसतानाच. आकडा कमी दिसतो, माणूस घाबरून आणखी औषध टाकतो आणि संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकायला लागतात.

दुसरी गोची पाकिटाची. ते हाताने फाडायच्या भानगडीत पडू नका. कात्रीने सरळ कापा, कडेची घडी उलगडून चोच करा, आणि हे सगळं ‘सी-१’ घेण्याच्या आधी. दोन टप्प्यांत फार वेळ गेला तर यंत्र आपोआप बंद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थोडी भुकटी पाकिटाच्या कोपऱ्यात राहिली तर आकडा खाली येतो. कुपी जोराने हलवली तर बुडबुडे काचेला चिकटतात आणि प्रकाश अडवून आकडा वर नेतात. बोटाचा ठसा, पाण्याचा ओघळ, काचेवरचा चरा यांचंही तेच. सोबत दोन कुप्या मिळतात, म्हणून एकीत शून्य आणि दुसरीत वाचन करायचा मोह होतो. करू नका. शून्य आणि वाचन एकाच कुपीत, एकाच दिशेने ठेवून. झाकणावर पर्मनंट मार्करने आणि कुपीवर काचेच्या वरच्या कडेला एक बारीक रेघ ओढून ठेवली की दिशा चुकत नाही. आकडा यंत्रात साठत नाही, तेव्हा दिसल्याबरोबर वहीत लिहा.

आता अचूकतेचा मुद्दा, ज्यावर सगळा निकाल आहे. कंपनी ±०.०५ पीपीएम आणि शिवाय वाचनाच्या ±५ टक्के अशी अचूकता देते. किलेटेड तांब्याचं लक्ष्य २.५ पीपीएम असतं. तिथे चूक ०.०५ अधिक ०.१२५, म्हणजे जेमतेम पावणेदोन दशांश. २.५० दिसलं तर खरं पाणी २.३२ ते २.६८ मध्ये कुठेतरी आहे. २.० ते २.५ हा नेहमीचा पट्टा पाहता ही चूक झोप उडवणारी नाही. क्युप्रामिनचं लक्ष्य ०.५० आहे. तिथे चूक ०.०५ अधिक ०.०२५, म्हणजे ०.०७५. पडद्यावर ०.५० असताना पाण्यात ०.४३ असू शकतं किंवा ०.५७. आणि ०.६ च्या पुढे विषबाधेची हद्द सुरू होते. एकच यंत्र, पण एका औषधाला ७ टक्क्यांची फट आणि दुसऱ्याला १५ टक्क्यांची. म्हणून आयनिक तांब्याला एका वाचनावर कधीही डोस द्यायचा नाही. दोनदा मोजा, दोन्हींत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. रंगाच्या तक्त्यावर जुळवायच्या किटपेक्षा हे तरीही कितीतरी बरं. तिथे ०.२५ आणि ०.५० या दोन छटांमधलं सगळं आपल्या डोळ्यांवर आणि खोलीतल्या दिव्यावर.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी डोसचा हिशोब टँकच्या खऱ्या पाण्यावर करावा लागतो, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. ६० × ३० × ३० सेंमीच्या टँकला ५४ लिटरचा म्हणतात. काच ५ मिमीची, म्हणजे आतली मापं ५९ × २९. पाणी काठोकाठ नसतं, २६ सेंमीवर असतं. गुणाकार ४४.५ लिटर. त्यातून हीटर, स्पंज फिल्टर आणि पाइपच्या तुकड्यांचं दीड लिटर वजा केलं की उरले ४३. क्युप्रामिनच्या एका मिलिने ४० लिटरमध्ये ०.२५ पीपीएम वाढतं, म्हणजे एका मिलित १० मिलिग्रॅम तांबं. ५४ लिटर धरून पूर्ण डोस दिला तर २.७ मिलि जातं आणि ४३ लिटरमध्ये ते होतं ०.६३ पीपीएम. कागदावर बरोबर, टँकमध्ये जास्त. खरा डोस २.१५ मिलि, तोही अर्धा-अर्धा करून मध्ये ४८ तास सोडून. थेंब मोजत बसू नका, एक मिलिची बिनसुईची सिरिंज घ्या. पाण्याच्या पातळीवर काचेला टेप चिकटवा. बाष्पीभवन झालं की त्या रेघेपर्यंत फक्त गोडं, शुद्ध पाणी. तांबं उडत नाही, ते उरलेल्या पाण्यात दाट होतं.

दुसऱ्या डोसनंतर आकडा हिशोबाप्रमाणे आला नाही, तर आणखी ओतण्याआधी तांबं कुठे जातंय ते शोधा. वाळू, मृत प्रवाळ, जिवंत खडक यांतलं कॅल्शियम कार्बोनेट तांबं शोषतं, आणि वाईट म्हणजे पुढे मनाला येईल तेव्हा परत सोडतं. त्यामुळे क्वारंटाइनचा तळ उघडाच हवा आणि लपायला पीव्हीसी एल्बो. माशाला वाळूत पुरून झोपायची सवय असेल, तर प्लास्टिकच्या डब्यात सिलिका वाळू. फिल्टरमध्ये कार्बनची पुडी विसरली असेल तर ती तांबं ओढते. यूव्ही दिवा किलेटचं बंधन तोडतो, तो बंद. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच औषध मिसळा. ४३ लिटरच्या टँकमध्ये दहा लिटर साधं खारं पाणी घातलं तर ०.५० चं थेट ०.३८ होतं. त्या दहा लिटरमध्ये बादलीतच अर्धा मिलि क्युप्रामिन घातलं तर पातळी हलत नाही. बादलीतलं पाणी ओतण्यापूर्वी त्याचंही एक वाचन घ्या. भुकटीचं एक पाकीट जाईल, पण नव्यानं तीस दिवस मोजण्यापेक्षा ते परवडलं.

हा मापक जे दाखवत नाही त्याने मासे जास्त मरतात: अमोनिया. बिनवाळूच्या, बिनखडकाच्या टँकमध्ये जिवाणूंना राहायला जागा फक्त स्पंजमध्ये. तो स्पंज आधी तीन-चार आठवडे मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) ठेवून मुरवलेला नसेल, तर तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतोच, शिवाय तांबं जिवाणूंनाही थोडं दाबून ठेवतं. अशा वेळी हात नकळत प्राइमच्या बाटलीकडे जातो. आयनिक तांब्यासोबत ते टाळाच. अमोनिया बांधणारी अशी रसायनं तांब्याला क्षपित करतात आणि ते तांबं माशाला जास्त विषारी ठरतं. तिथे उपाय एकच, तेवढंच औषध घातलेल्या पाण्याने बदल. काचेच्या आत चिकटवायचा अमोनिया बॅज लावून ठेवा, दिवसातून दोनदा नजर टाकायची सवय आपोआप लागते.

माशाकडेही बघा, नुसतं पडद्याकडे नको. छोटे एंजलफिश, मँडरिन आणि पाइपफिश तांब्याला नाजूक. शार्क आणि रे यांना तर तांबं देऊच नये. नाजूक माशांना पूर्ण पातळीवर न्यायला चार-पाच दिवस घ्या. मासा खायचा थांबला किंवा कल्ले भराभर हलायला लागले, तर आकडा योग्य असला तरी पंधरा-वीस टक्के पाणी बदलून एक पायरी खाली या आणि खायला लागला की पुन्हा वर. व्हेलवेट या दुसऱ्या परजीवी रोगात मात्र इतका निवांतपणा चालत नाही. अंगावर सोनेरी-तपकिरी पूड भुरभुरल्यासारखी दिसते, मासा प्रवाहात तोंड खुपसून उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. तिथे किलेटेड तांबं घ्यावं, कारण ते लवकर चढवता येतं.

तांबं लागू न पडणारे रोगही याच टँकमध्ये येतात, हे लक्षात असू द्या. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट शेंबडासारखा थर सोलून निघायला लागला तर ती ब्रुकलिनेला. तिला फॉर्मलिन लागतं. कातडीवर लालसर जखमा दिसल्या तर युरोनिमाचा संशय घ्या, त्यावरही तांबं चालत नाही. मासा डोकं झटकतोय, अंग घासतोय, पण ठिपका एकही नाही, तर फ्लूक्स (चपटे परजीवी किडे) असू शकतात. पाच मिनिटं त्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात ठेवलं तर ते पांढऱ्या कणांसारखे भांड्याच्या तळाशी पडलेले दिसतात. त्यावर औषध प्राझिक्वांटेल. अशा माशाला २.५ पीपीएम कितीही काटेकोर राखलं तरी यंत्र हसत राहील आणि मासा जाईल.

तक्रारी करायच्या तर पहिली पाकिटांची. डब्यात सहाच येतात. पहिल्या पाच दिवसांत रोज दुहेरी वाचन घेतलं तर ती आठवडा पुरत नाहीत. तीस दिवसांना वीस-पंचवीस लागतात, म्हणून २५ पाकिटांचा वेगळा संच यंत्रासोबतच मागवा, मासा आजारी पडल्यावर शोधायला निघू नका. दुसरी तक्रार शंकेची. आकडा विचित्र वाटला तर दोष यंत्राचा की पाण्याचा, हे घरात कळत नाही. यासाठी एचआय-७०२-११ नावाचा प्रमाणित कुप्यांचा संच मिळतो, त्याने यंत्र तपासता येतं. तो नसेल तर तांबं कधीच न घातलेल्या खाऱ्या पाण्याचं वाचन घ्या. ०.०५ च्या वर आलं तर कुपी चऱ्यांनी खराब झाली आहे किंवा भुकटी नीट विरघळत नाही. प्रत्येक वापरानंतर कुपी आरओ पाण्याने दोनदा खळखळून उलटी ठेवा, आत वाळलेल्या मिठाची किनार धरली की पुढचं वाचन बिघडतं. जांभळं पाणी टँकमध्ये परत ओतायचं नाही, हे सांगायची गरज नसावी.

तीस दिवस झाल्यावर कार्बन किंवा क्युप्रिसॉर्ब (तांबं शोषून घेणारं माध्यम) लावून आणि पाणी बदलून तांबं काढतात, तेव्हाही हा मापक उपयोगी पडतो. आकडा २.५ वरून १ वर, मग ०.३ वर उतरताना दिसतो. फक्त शेवटच्या ०.०० वर भरवसा ठेवू नका. ±०.०५ च्या आत त्याला काहीच कळत नाही, आणि कोळंबी-गोगलगायींना ते न कळणारं तांबंही पुरेसं होतं. म्हणून या टँकचा स्पंज, हीटर, पाइप आणि जाळी रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ-कोळंबीच्या टँकमध्ये, कधीच जात नाहीत. त्यांच्यावर लाल टेप लावून ती वेगळ्या बादलीत.