सिटाडेल कॉन्ट्रास्ट: अर्धवट राहिलेली फौज पुरी करायची असेल तर

वॉरहॅमर, म्हणजे छोट्या शिपायांच्या फौजा रंगवून टेबलावर खेळायचा युद्धखेळ, सोडून बरीच वर्षं झालेल्यांना रंगकामाची जुनी पद्धत आठवत असेल: काळा अंडरकोट (सगळ्यात खालचा थर), मूळ रंगाचे दोन पातळ हात, वॉश (खोबणीत उतरणारा पातळ गडद रंग), शेवटी ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासणं). दहा शिपायांच्या तुकडीत निम्मा उत्साह त्यातच संपायचा. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने आपल्या सिटाडेल या रंगांच्या ब्रँडमध्ये २०१९ मध्ये आणलेला कॉन्ट्रास्ट रंग मूळ रंग आणि सावली एकाच हातात देतो. तो उंचवट्यांवरून ओघळून खोबणीत साचतो, म्हणून कडा फिक्या राहतात आणि घड्या गडद होतात. खेळायला परत येणाऱ्यांनी आधी हेच रंग घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी मेख खालच्या थरात आहे. काळ्यावर हा रंग जवळजवळ दिसतच नाही. कातडं, हाडं, लाल-पिवळ्यासाठी खाली रेथबोन हा हाडासारखा फिका स्प्रे आणि निळ्या-जांभळ्यासाठी ग्रे सीअर हा फिका करडा. जुने शिपाई आधीच काळे असतील तर अंडरकोट खरवडू नका. त्यावर करड्या रंगाचा भरपूर ड्रायब्रश करा, मग फक्त वरच्या कडांवर पांढरा, आणि त्यावर कॉन्ट्रास्ट. याला स्लॅपचॉप म्हणतात. जुन्या खोक्यातल्या फौजेसाठी याहून सोपा मार्ग नाही.

लावताना डबी नीट हलवा, कारण रंगद्रव्य तळाशी बसतं. ब्रश भरून घ्या आणि एका वेळी एकच भाग पुरा करा: आधी झगा, मग पट्टा. पाय किंवा ढालीच्या खालच्या कडेला थेंब साचला तर लगेच, ओलसर स्वच्छ ब्रशने टिपून घ्या. सुकू लागल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की थर फाटतो आणि डाग कायम राहतो. शेजारचा रंग साधारण अर्ध्या तासाने लावावा. फिका करायला पाणी नको, कडेला डागाच्या रेषा उमटतात. कॉन्ट्रास्ट मीडियमच वापरा. ब्लॅक टेम्प्लर हा काळा कॉन्ट्रास्ट फार गडद बसतो, त्यात तेवढंच मीडियम घातलं तर घड्या दिसतात.

कॉन्ट्रास्टमधले स्केलेटन होर्ड हाडांवर आणि स्नेकबाइट लेदर पट्ट्यांवर अप्रतिम बसतात. रणगाड्याच्या सपाट पत्र्यावर मात्र हे रंग घेऊच नका. साचायला खोबणच नसल्यामुळे ढगाळ चट्टे पडतात. तिथे साधा बेस रंगच बरा.

डबीबद्दल नाराजी आहे. १८ मिलीची ती डबी सहज कलंडते, आणि रंग इतका पातळ की क्षणात रिकामी होते. झाकणाच्या कडेला सुकलेला रंग पुसला नाही तर ते नीट बसत नाही. दुसरी उणीव म्हणजे वार्निश न केलेल्या कडा हाताळून घासल्या जातात आणि खालचा पांढरा दिसू लागतो. खेळात आणायच्या आधी मॅट वार्निश हवंच.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्प्रे टाळा. दमट हवेत प्राइमर (अंडरकोटचा रंग) खरखरीत बसतो आणि वार्निशवर पांढुरकी धुरी येते. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर फक्त डब्या सांगा, रंगाचे स्प्रे कॅन प्रवासी सामानातून विमानात नेता येत नाहीत. इथे ब्रशने लावायचा फिका ॲक्रिलिक प्राइमर घ्या, दोन पातळ हात द्या. रेथबोनची बेस डबीही मिळते. रंग रेषेबाहेर गेला की तिनेच झाकून पुन्हा कॉन्ट्रास्ट लावायचा.